सरासरी काढण्याआधी: वर्गातली सामग्री गोळा कशी करायची, मांडायची कशी

सहावी ते आठवीच्या मुलांना सरासरीचं सूत्र सहसा अवघड जात नाही. गडबड त्याच्या बरीच आधी झालेली असते, म्हणजे प्रश्न विचारताना. म्हणून पुस्तकातली तयार सामग्री (म्हणजे गोळा केलेली आकड्यांतली माहिती) बाजूला ठेवून एकदा तरी वर्गाचीच सामग्री घ्यावी. विषय साधा हवा: घरून शाळेत यायला किती मिनिटं लागतात?

‘तुला शाळेत यायला किती वेळ लागतो?’ असा प्रश्न टाकला की उत्तरं येतात ‘थोडाच’, ‘अर्धा तास’, ‘बसवर आहे’. कुठल्या दिवसाचं विचारलं? घरापासून की बसथांब्यापासून? उत्तर मिनिटांत की तासांत? प्रश्न असा करा: ‘आज सकाळी घरातून निघताना किती वाजले होते? शाळेच्या फाटकात पाऊल टाकलं तेव्हा किती वाजले होते?’ हा प्रश्न आदल्या दिवशी सांगून ठेवा, म्हणजे मुलं घड्याळ बघतील. त्याआधी पाच जणांवर तो करून पाहा. त्या पाचांतच एखादा गोंधळ वर येतो. मोठ्या पाहणीआधी अशी छोटी चाचणी-पाहणी करण्यावर भारतीय संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा भर होता. बंगालमधल्या तागाच्या क्षेत्राच्या पाहणीत त्यांनी ती रीत वापरली. त्यांचा जन्मदिवस, २९ जून, भारतात सांख्यिकी दिन म्हणून पाळतात. शाळा तेव्हा नुकत्या सुरू झालेल्या असतात, त्यामुळे हा उपक्रम त्या आठवड्यात छान बसतो.

वेळेची वजाबाकी मुलांकडून तपासून घ्या. ७:५० ला निघून ८:०५ ला पोचलेला मुलगा हमखास ८०५ − ७५० = ५५ मांडतो. खरं उत्तर १५ मिनिटं. ‘१.१५’ अशी नोंद दिसली तर सव्वा तास म्हणायचं आहे का ते विचारा आणि ७५ लिहा. गैरहजर मुलापुढे शून्य लिहू नका, रेघ मारा. शाळेच्याच आवारातल्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलीचा शून्य खरा असू शकतो, पण गैरहजराचा शून्य ही नोंदच नव्हे.

समजा, २५ जणांच्या नोंदी मिनिटांत अशा आल्या:

१०, १५, ५, २०, १०, १२, ८, १५, २५, १०, १८, ७, १०, १५, ३०, ५, १२, २०, १०, १५, ८, ७५, १०, २०, १५

आता ताळ्याच्या खुणा. यादी पहिल्या नोंदीपासून शेवटपर्यंत एकदाच वाचायची आणि प्रत्येक नोंदीला तिच्या ओळीत एक खूण करायची. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी आडवी. मुलं आधी सगळे १० शोधतात, मग सगळे १५. त्यात एखादी नोंद निसटते किंवा दोनदा मोजली जाते. दोघांची जोडी करा, एकाने वाचायचं, दुसऱ्याने खूण करायची.

कुठली नोंद किती वेळा आली ते दाखवणारी वारंवारता सारणी अशी येते: ५ (२ वेळा), ७ (१), ८ (२), १० (६), १२ (२), १५ (५), १८ (१), २० (३), २५ (१), ३० (१), ७५ (१). वारंवारतांची बेरीज २५ आली नाही तर पुढे जायचं नाही.

इथेच जरा थांबा. २५ पैकी १९ नोंदी ५ च्या पटीतल्या आहेत. मुलांचे पाय काही पाचाच्या पटीत चालत नाहीत; घड्याळ बघायचं राहिलं की आपण सगळेच ‘दहा मिनिटं’ म्हणून मोकळे होतो. ही गोष्ट वर्गीकृत सारणी, म्हणजे नोंदींचे गट (‘वर्ग’) पाडून केलेली सारणी, करताना त्रास देते. ०–१०, १०–२०, २०–३० असे वर्ग घेतले आणि नेहमीच्या पद्धतीने १० ही नोंद १०–२० मध्ये टाकली, तर पहिल्या वर्गात ५ आणि दुसऱ्यात १४ जण येतात. सीमेवरच्या नोंदी खालच्या वर्गात टाकल्या तर तेच आकडे ११ आणि ११ होतात. सामग्री तीच, चित्र मात्र पार बदललं! उपाय सोपा आहे: ३–७, ८–१२, १३–१७, १८–२२ असे वर्ग घ्या, म्हणजे ५, १०, १५, २० हे वर्गाच्या मधोमध पडतात, सीमेवर नाही.

मग मध्य (म्हणजे सरासरी), मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी नोंद) आणि बहुलक (सर्वांत जास्त वेळा आलेली नोंद). प्रत्येक नोंद गुणिले तिची वारंवारता, सगळ्यांची बेरीज ४००. ४०० ÷ २५ = १६ मिनिटं, हा मध्य. सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे सारणीतल्या ११ वेगवेगळ्या संख्यांची बेरीज (२२५) करून ११ ने भागणं. उत्तर सुमारे २०.५ येतं आणि कुणाला शंकाही येत नाही. मध्यकासाठी नोंदी चढत्या क्रमाने लावून तेरावी घ्यायची: १२. क्रम न लावता यादीतली तेरावी घेतली तर १० येते. सारणीच्या ११ ओळींतली मधली घेतली तर १५. दोन्ही चूक. बहुलक १०, पण तो मघाशी पाहिलेल्या ‘दहा मिनिटं’ म्हणण्याच्या सवयीतून आलेला असू शकतो, म्हणून त्यावर फार विसंबू नये.

मध्य १६ असूनही २५ पैकी १८ मुलं १६ मिनिटांच्या आतच पोचतात. कारण ती एकटी ७५. ती वगळून पाहा: ३२५ ÷ २४ म्हणजे सुमारे १३.५. मध्यक मात्र १२ वरच राहतो. म्हणून ७५ खोडून टाकायचे का? आधी त्या मुलाला विचारा. दोन एसट्या बदलून येत असेल तर नोंद खरी आहे, ती ठेवायची आणि वर्गाबद्दल बोलताना मध्यक सांगायचा. वजाबाकी चुकली असेल तर दुरुस्त करायची. नकोशी दिसते म्हणून नोंद काढायची नाही.

स्तंभालेखात सर्व स्तंभ सारख्या रुंदीचे, मधली अंतरं सारखी, शीर्षक आणि प्रमाण (उदा. १ सेमी = २ विद्यार्थी) लिहिलेलं, एवढं मुलांना येतं. उभ्या अक्षाची सुरुवात शून्यापासून आहे ना, तेवढं बघा. ४६ आणि ४८ असे पट असलेल्या दोन तुकड्या दाखवताना अक्ष ४५ पासून सुरू केला तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट दिसतो.

दोन तुकड्यांची तुलना करायची तर आकडे थेट शेजारी ठेवू नका. ‘अ’ तुकडीतल्या २५ पैकी १५ जण चालत येतात आणि ‘ब’मधल्या ४० पैकी २०. जोडस्तंभालेखात, म्हणजे दोन्ही तुकड्यांचे स्तंभ शेजारी काढले तर, ‘ब’ पुढे दिसेल. शतमान स्तंभालेखात, म्हणजे टक्क्यांच्या आलेखात, ‘अ’ ६० टक्के आणि ‘ब’ ५० टक्के. प्रमाणाबद्दलचा प्रश्न असेल तर शतमान स्तंभालेखच काढायचा. टक्के पूर्णांकात घेतल्यावर बेरीज कधी ९९ किंवा १०१ येते. ती चूक नव्हे, १०० करण्यासाठी मुलं एखादा आकडा गुपचूप बदलतात, तो मात्र बदलू देऊ नका.

दोन्ही तुकड्यांचा एकत्र मध्य काढताना मध्यांचा मध्य घेऊ नये. ‘अ’चा १६ आणि ‘ब’चा २२.५ असेल तर दोन्हींची बेरीज करून २ ने भागल्यावर १९.२५ मिळतात. खरी बेरीज ४०० + ९०० = १३००, विद्यार्थी ६५, म्हणून मध्य २० मिनिटं.