मेनोरेहच्या डोंगरात घर करायचं असेल तर

"जावात खेड्यांत जमीन स्वस्त मिळते म्हणे?" असं विचारणारा एखादा फोन अधूनमधून येतोच. मिळते. फक्त तुम्हाला नाही. का ते पुढे सांगते, पण त्याआधी राहण्याचं बघू. जमिनीपासून सुरुवात करणारे बहुतेक जण राहायला येतच नाहीत, असा माझा अनुभव आहे.

इंडोनेशियाच्या जावा बेटावर योग्यकार्ता शहराच्या पश्चिमेला कुलोन प्रोगो जिल्हा आहे आणि त्याच्या उत्तर अंगाला मेनोरेहचे डोंगर. तिथल्या एका वाडीत माझं सासर. नारळ, लवंग, ड्युरियन आणि घरटी दोन-चार शेळ्या. (लांब कानांच्या या शेळ्यांचं मूळ आपल्याकडच्या इटावाचं. इथे त्या 'एतावा' म्हणूनच ओळखल्या जातात.)

पहिलं काम म्हणजे भाड्याचं घर. खेड्यात करार वर्षाचा होतो आणि वर्षाचं भाडं एकरकमी आगाऊ मोजायचं असतं. त्यामुळे जमल्यास घर दोन ऋतूंत बघा. सप्टेंबरमध्ये कोरडा काळ संपत आलेला असतो, तेव्हा विहिरीचा तळ दिसतो आणि झऱ्यावरून आणलेल्या नळाची धार किती बारीक होते तेही कळतं. जानेवारीत, म्हणजे इथल्या भर पावसाळ्यात, घरामागचा कडा बघायचा. मेनोरेहमध्ये पावसाळ्यात दरडी कोसळतात. घरामागे माती उभी कापलेली असेल, वरची झाडं उताराकडे कलली असतील आणि जमिनीवर लांब भेग दिसत असेल, तर घरमालक कितीही गोड बोलला तरी चहा पिऊन परत फिरा. योग्यकार्ताच्या पूर्वेच्या गुनुंगकिदुल जिल्ह्यात चुनखडीचे डोंगर आहेत. तिथे दरडीपेक्षा पाणी जास्त छळतं आणि कोरड्या काळात टँकर विकत घ्यावे लागतात. उत्तरेला मेरापीच्या उतारावर घर बघत असाल तर ज्वालामुखीचा धोक्याचा नकाशा मागून घ्या. 2010च्या उद्रेकानंतर त्यातल्या वरच्या पट्ट्यात नवं घर बांधण्यात शहाणपण नाही.

घरात शिरल्यावर विजेचा मीटर बघा. 900 व्हीएची, म्हणजे कमी क्षमतेची, जोडणी असेल तर पंप, भाताचा कुकर आणि इस्त्री एकदम लावल्यावर अंधार ठरलेला. वीज बहुधा प्रीपेड असते. टोकनचा आकडा मीटरवर टाकायचा आणि शिल्लक संपत आली की तो रात्री-अपरात्री टीं-टीं करत बसतो. गॅसची हिरवी 3 किलोची टाकी अनुदानाची आणि गरिबांसाठी आहे. दुकानदार देईलही, पण तुम्ही गुलाबी 5.5 किलोची घ्या. कोण काय विकत घेतं हे अख्खी वाडी बघत असते.

आता माणसांचं. गावात आल्यावर 24 तासांच्या आत पाक आरटींना भेटायचं. आरटी म्हणजे काही घरांचा मिळून एक गट आणि पाक आरटी त्याचे प्रमुख, बहुतेकदा स्वतःच शेतकरी किंवा मिस्त्री. "पाहुण्यांनी 24 तासांत कळवावे" अशी पाटी वाडीच्या तोंडाशी लावलेली असते आणि ती शोभेची नाही. पासपोर्टची प्रत न्या, सोबत साखर आणि चहाची पुडी. त्यांच्याकडे अर्धा तास बसा, कामाचं शेवटी बोला. मग दुकुह, म्हणजे वाडीचे प्रमुख.

पुढची देणीघेणी कुठल्याही करारात लिहिलेली नसतात. रात्री पुरुष आळीपाळीने गस्त घालतात. तुमच्या दाराशी एक छोटा डबा टांगलेला असेल, त्यात रोज रात्री 500 रुपियाचं (रुपिया हे इंडोनेशियाचं चलन) नाणं किंवा चिमूटभर तांदूळ ठेवायचे. गस्तवाले ते गोळा करतात आणि वाडीच्या फंडात जमा करतात. रविवारी रस्ता किंवा गटार साफ करायचं निघालं तर कुदळ घेऊन हजर व्हायचं, पैसे देऊन सुटका मागायची नाही. शेजारी लग्न निघालं की बायकांना स्वयंपाकाला बोलावणं येतं, त्याला इथे रेवांग म्हणतात. मला सुरुवातीला नुसती मिरची निवडायला बसवत. आता नारळ खवायला देतात, ही बढतीच समजायची. मशिदीच्या भोंग्यावरून कुणाच्या मृत्यूची बातमी आली की हातातलं काम टाकून जायचं, तिथे धर्म कुणी विचारत नाही. लग्नांच्या हंगामात पाकिटांची वेगळी तरतूद ठेवा, नाहीतर महिनाअखेर जड जाते.

शाकाहारी असाल तर इथे उपाशी राहणार नाही. कुलोन प्रोगोत खाजकुयलीच्या जातीच्या बियांचं तेंपे, म्हणजे आंबवलेली वडी, करतात. त्याला तेंपे बेंगुक म्हणतात, आणि सोबत कसाव्याच्या पिठाचं पांढरं, चिवट गेब्लेक. फक्त मिरचीच्या ठेच्यात तरासी, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा, आहे का, हे दर वेळी विचारायचं.

बाजारहाटाला कॅलेंडर लागतं, तेही जावाचं. सात दिवसांच्या आठवड्याबरोबर इथे पाच दिवसांचा आठवडाही चालतो: लगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. बरेच खेड्यांतले बाजार याच दिवसांवर भरतात. शेळी विकायची असो की कुदळीला दांडा हवा असो, गावाचा दिवस माहीत नसेल तर रिकाम्या मैदानात उभे राहाल.

आता जमीन. 1960च्या जमीन कायद्याप्रमाणे पूर्ण मालकी, म्हणजे हाक मिलिक, फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळते. राहण्याचा परवाना असलेल्या परदेशी माणसाला हाक पाकाई, म्हणजे वापराचा हक्क, घेता येतो. तो 30 वर्षांचा, पुढे 20 आणि पुन्हा 30. ऐकायला छान आहे. पण अशा माणसाने घ्यायच्या घराला सरकारने किमान किंमत ठरवून दिली आहे आणि जावात ती 5 अब्ज रुपिया आहे. आमच्या वाडीत त्या किमतीचं घरच नाही. त्यामुळे खेड्यात तुमच्या हातात उरतो तो नोटरीसमोर केलेला लांब मुदतीचा भाडेपट्टा. त्यात मुदतवाढीची रक्कम कशी ठरणार, मालक वारला तर वारस बांधील राहणार का आणि भाड्यावरचा 10 टक्के कर कोण भरणार, हे स्पष्ट लिहून घ्या.

"माझ्या नावावर घेऊ, पैसे तुझे" असं सांगणारा कुणीतरी भेटेलच. ऐकू नका. त्याच कायद्याच्या 26व्या कलमाप्रमाणे असा व्यवहार मुळातच रद्द ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत.

इथल्या नागरिकाशी लग्न करणार असाल तर मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार करा. तो नसेल तर लग्नानंतर जोडीदाराने घेतलेली जमीन दोघांची धरली जाते आणि परदेशी भाग मिसळला की पूर्ण मालकीचा हक्क अडचणीत येतो. पूर्वी हा करार लग्नाआधीच करावा लागे. 2016च्या घटनात्मक न्यायालयाच्या निकालानंतर तो लग्नानंतरही करता येतो. आमचा झालेला आहे. घर नवऱ्याच्या नावावर आहे, माझं त्यात काही नाही, आणि उद्या वारसाने माझ्याकडे आलंच तर वर्षाच्या आत मला ते सोडावं लागेल. सासूबाईंना हे ऐकायला आवडत नाही, पण कायदा हाच.

भाडेपट्टा असला तरी जमिनीचा कागद तपासायचाच. प्रमाणपत्राची प्रत घेऊन भूमी कार्यालयात खात्री करून घ्या. 'लेटर सी' किंवा 'गिरिक' दाखवत असतील तर तो कराचा जुना कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. वारसांचं तर बारकाईने विचारा. डच सरकारने 1905 पासून जावातली कुटुंबं सुमात्रातल्या लाम्पुंगला नेऊन वसवली आणि स्वातंत्र्यानंतरही ते चालू राहिलं. त्यामुळे जवळपास प्रत्येक घराचा एखादा भाऊ लाम्पुंगला असतो आणि सही करायला तोही लागतो. योग्यकार्ता प्रांतात आणखी दोन प्रकार आहेत: योग्यकार्ताच्या सुलतानाची किंवा पाकुआलाम या इथल्या दुसऱ्या राजघराण्याची जमीन, आणि गावाच्या मालकीची जमीन. शेजारच्या स्लेमानमध्ये गावच्या जमिनीवर बिल्डरने घरं बांधून लोकांना दिली आणि 2023 मध्ये त्या प्रकरणात गावप्रमुखाला शिक्षा झाली. घरं घेणाऱ्यांचे पैसे अडकले ते वेगळंच. भाताच्या खाचरांवर बंगला बांधू देतो म्हणणाऱ्यालाही नमस्कार करा, संरक्षित शेतीवर परवानगी मिळत नाही.

होमस्टे चालवायचं स्वप्न असेल तर परदेशी कंपनीला जागा-इमारत वगळून 10 अब्ज रुपियांहून जास्त गुंतवणूक दाखवावी लागते. पर्यटक व्हिसावर पाहुणे ठेवून पैसे घेणं तर थेट हद्दपारीचं काम.

व्हिसाचं थोडक्यात: भारतीयांना आगमनावर 5,00,000 रुपियांत 30 दिवस मिळतात, एकदाच आणखी 30 वाढतात. मुदत ओलांडली तर दिवसाला 10 लाख रुपिया दंड. घर बघायला दोन महिने पुरतात, राहायला वेगळा परवाना लागतो.

यायला सोपं आहे. योग्यकार्ताचा नवा विमानतळ कुलोन प्रोगोतच, समुद्रकाठी तमोनला आहे आणि तिथून शहरात रेल्वे जाते. जकार्ताहून रेल्वेने येत असाल तर वातेस स्टेशनवर उतरा. रमझान ईदच्या आठवड्यात मात्र येऊ नका. अख्खी जावा गावी निघालेली असते आणि तिकिटं दीड महिना आधी खुली होताच संपतात. वातेसहून डोंगरावर यायला अंधार पडायच्या आत निघा. शेवटचा चढ दुचाकीवरच करावा लागतो आणि ॲपवरचा चालक बहुतेकदा पायथ्याशीच नकार देतो. तेव्हा घरमालकाला आधी फोन करून पुतण्याला खाली पाठवायला सांगा, आणि दुसरं हेल्मेट आणायची आठवण करा.