सोयाबीनचा भाव वाचायचा कसा: सौद्यापासून पेंडेच्या निर्यातीपर्यंत

बाजारभावाचा तक्ता उघडला की नजर आधी कमाल दरावर जाते. तो दर सोडून द्या. बऱ्याचदा तो बियाण्यासाठी उचललेल्या पाच-दहा कट्ट्यांचा असतो. आपला माल सर्वसाधारण दराशी ताडून बघायचा आणि शेजारचा आवकेचा आकडाही वाचायचा, कारण ५० क्विंटल आवकेवर निघालेल्या दरावर फारसा भरवसा ठेवता येत नाही. तारीख आजचीच आहे ना, डागी मालाची ओळ वेगळी आहे का, हेही तपासा. पणन मंडळाच्या संकेतस्थळावर हे दर रोज मिळतात. आपली बाजार समिती, एक मोठा बाजार (लातूर, अकोला किंवा वाशीम) आणि जवळच्या तेल प्लांटचा खरेदी दर, असे तीन आकडे रोज वहीत टिपा.

खरा भाव प्लांटमध्ये ठरतो. १०० किलो सोयाबीन गाळलं की साधारण १८ किलो तेल आणि ८० ते ८२ किलो पेंड निघते. समजा पेंड ४० रुपये आणि तेल १२० रुपये किलो आहे. ८१ किलो पेंडेचे ३,२४० आणि तेलाचे २,१६०, मिळून ५,४००. यातून गाळप, वाहतूक, हमाली-तोलाई आणि प्लांटचा नफा वजा जातो, उरतो तो आपला दर. आता पेंड किलोमागे २ रुपयांनी उतरली तर क्विंटलला १६२ रुपये गेले. तेवढी भरपाई व्हायला तेल किलोमागे ९ रुपयांनी चढावं लागतं.

म्हणून नुसती तेलाची बातमी वाचून माल रोखू नका. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण आयात शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के झालं. तरीही त्या हंगामात बाजारातले सौदे ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच होत राहिले. पेंडेला उठाव नव्हता. ब्राझील आणि अर्जेंटिनाची पेंड जगात स्वस्त पडत होती. इकडे मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा डीडीजीएस हा चोथा कोंबडीखाद्यात पेंडेची जागा घेत होता. आपली पेंड जीएम (जनुकीय बदल केलेल्या बियाण्याची) नसलेली, तिला युरोपात वेगळं गिऱ्हाईक आहे, पण ते मर्यादित आहे.

अमेरिकेतल्या शिकागो वायदे बाजाराचा भाव बुशेलला सेंटमध्ये येतो. सोयाबीनचं बुशेल २७.२ किलोचं, म्हणजे क्विंटलमध्ये ३.६७ बुशेल. १,००० सेंट म्हणजे १० डॉलर, क्विंटलला ३६.७ डॉलर. त्याला त्या दिवसाच्या डॉलरच्या दराने गुणा. हा आकडा दिशा कळण्यापुरताच वापरायचा, आपल्या बाजाराचा दर म्हणून नाही. फेब्रुवारी ते मे या काळात दक्षिण अमेरिकेचा माल निघतो, तेव्हाचा दबाव आधीच धरून चाला. सरकारी निर्णय मात्र रातोरात येतात: गव्हाची निर्यात १३ मे २०२२ ला बंद झाली, तर बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची २० जुलै २०२३ ला. सगळा माल एकाच दिवसाच्या भरवशावर ठेवू नये तो यासाठीच.

ओलावा मात्र आपल्या हातात आहे. सोयाबीनसाठी धरलेलं प्रमाण १२ टक्के. १४ टक्क्यांचा १०० किलो माल १२ वर आणला की ९७.७ किलो भरतो. ४,५०० च्या भावात ही घट सुमारे १०२ रुपयांची. व्यापारी दोन टक्क्यांसाठी क्विंटलला यापेक्षा जास्त कापत असेल तर वाळवणं परवडतं. पण ९ टक्क्यांपर्यंत वाळवलं तर आणखी ३.२ किलो वजन फुकट जातं. नमुना ढिगाच्या वरून घेऊ नका. हात आत घालून तीन ठिकाणचा घ्या आणि घरून निघण्यापूर्वीच मॉइश्चर मोजून ठेवा.

थांबायचंच असेल तर बाजार समितीत शेतमाल तारण योजनेची (माल गोदामात ठेवून त्यावर कर्ज) चौकशी करा. सोयाबीनला किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के व्याज, मुदत १८० दिवस. ४,५०० च्या मालावर ३,३७५ उचलले तर सहा महिन्यांचं व्याज सुमारे १०१ रुपये. त्यात गोदामभाडं, हमाली आणि घट धरा. एवढी वाढ देणारं कारण पेंडेच्या बाजूला दिसत नसेल, तर निम्मा माल आत्ताच विकून टाका.