बऱ्याच वर्षांनी बुद्धिबळाकडे परतताना

ज्यांनी लहानपणी आजोबांसमोर बसून बुद्धिबळ शिकले, त्यांनी पट पुन्हा मांडण्यापूर्वी आपले नियम तपासून घ्यावेत. घरोघरी खेळल्या जाणाऱ्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही बहुधा एकच घर सरकत असे आणि राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मिळे. आंतरराष्ट्रीय नियमांत प्यादे पहिल्या चालीत दोन घरे जाऊ शकते, राजा आणि हत्ती मिळून कॅसलिंग करतात, म्हणजे एकाच चालीत राजा हत्तीच्या दिशेने दोन घरे सरकतो आणि हत्ती राजाच्या पलीकडच्या घरात येतो, आणि शेवटच्या ओळीवर पोहोचलेल्या प्याद्याचा वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा यांपैकी काहीही करता येते. मला स्वतःला कॅसलिंगची सवय लागायला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण राजा मध्यभागी उभा असण्यात माझ्या नजरेला काही वावगे दिसतच नव्हते.

दुसरे काम म्हणजे खेळाचा वेग ठरवणे. लीचेस हे संकेतस्थळ पूर्णपणे मोफत आहे. तेथे खाते उघडून प्रत्येकी १५ मिनिटे आणि दर चालीला १० सेकंदांची भर, असे डाव निवडावेत. तीन मिनिटांचे डाव सध्या टाळावेत, कारण त्यांत जुन्या चुकाच अधिक घट्ट होतात. नव्या खात्याचे मानांकन १५०० पासून सुरू होते आणि पहिल्या काही डावांत ते झपाट्याने खाली येऊ शकते. त्याने खचून जाऊ नये.

खरी मेहनत तिसऱ्या पायरीवर आहे. मोहऱ्यांच्या चाली आपण विसरलेलो नसतो, पण कोणता मोहरा जोरात आहे, म्हणजे दुसऱ्या मोहऱ्याने राखलेला आहे, आणि कोणता बिनजोर, म्हणजे कोणीच न राखलेला, पडला आहे हे एका दृष्टिक्षेपात ओळखणारी नजर मंदावलेली असते, आणि सुरुवातीचे बहुतेक पराभव त्यामुळेच होतात. म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या प्रत्येक चालीनंतर, स्वतःचा बेत आठवण्याआधी, त्याला आता कोठे शह देता येईल, काय मारता येईल आणि आपला कोणता मोहरा बिनजोर आहे, हे तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. याच्या जोडीला रोज १५ मिनिटे कोडी सोडवावीत. मात्र पूर्ण उत्तर मनात सापडल्याशिवाय मोहऱ्याला हात लावू नये. अंदाजाने सोडवलेल्या पन्नास कोड्यांपेक्षा विचारपूर्वक सोडवलेली पाच मला नेहमीच अधिक उपयोगी पडली आहेत.

हरलेला डाव त्याच दिवशी पुन्हा मांडावा. संगणकाचे विश्लेषण लगेच उघडू नये. आधी डाव कोठे हातचा गेला असे आपल्याला वाटते ते वहीत लिहावे आणि मगच संगणकाचे मत पाहावे. या दोन मतांमधली तफावत हाच आपला अभ्यासक्रम असतो.

सुरुवातीच्या चालींचे पाठांतर मागे ठेवले तरी चालेल. मध्यभागी प्यादे, मग घोडे-उंट बाहेर आणि लवकर कॅसलिंग, एवढे पुरेसे आहे. त्याऐवजी डावाच्या अखेरीचा अभ्यास करावा. उदाहरणार्थ, प्रतिस्पर्ध्याकडे फक्त राजा उरला असेल आणि आपला राजा आपल्या प्याद्याच्या थेट पुढे, आपल्या बाजूने मोजलेल्या सहाव्या ओळीवर सुखरूप उभा असेल, तर चाल कोणाचीही असो, योग्य खेळ केल्यास डाव जिंकता येतो. प्यादे पटाच्या कडेच्या स्तंभातले असेल तर मात्र बहुधा बरोबरी होते. हे माहीत असले की मोहऱ्यांची अदलाबदल कधी करावी, याचा निर्णय कितीतरी आधी घेता येतो.

दोन-तीन महिन्यांनी जवळच्या खुल्या स्पर्धेत नाव द्यावे. तेथे खेळण्याच्या हेतूने हात लावलेला मोहरा नियमानुसार शक्य असेल तर हलवावाच लागतो आणि ज्या हाताने चाल केली त्याच हाताने घड्याळ दाबावे लागते. पडद्यावर खेळणाऱ्याला या दोन्हींची सवय नसते, म्हणून आदल्या आठवड्यात घरातल्या कोणाला तरी समोर बसवून खऱ्या पटावर काही डाव खेळावेत.