लाकडी मुठीचा मिटता चाकू पावसाळ्यात आखडू नये म्हणून काय करावं

खिशात ठेवायला ओपिनेल या फ्रेंच मिटत्या चाकूच्या सहा नंबरइतका चांगला छोटा चाकू मला दुसरा माहीत नाही. सात सेंटिमीटरचं पातं, बीच या युरोपी झाडाच्या लाकडाची गोलसर मूठ आणि मुठीच्या तोंडाशी फिरणारं पोलादी कडं. कडं फिरवलं की पातं पक्कं होतं, काम करताना बोटावर मिटण्याची भीती नाही. पातं पातळ असल्यामुळे टोमॅटो चिरताना चिरडत नाही. गडावर काकडी-कांदा कापायला, घरी पार्सल उघडायला, कुंडीतल्या फांद्या छाटायला एवढं पुरतं. याहून मोठ्या आणि जाड पात्याचे, काळ्या मुठीचे चाकू दिसायला दणकट असतात, पण फळ सोलायला बसलात की फरक लगेच कळतो.

फ्रान्सच्या साव्वा या डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेल यांनी 1890 साली हा चाकू घडवला. 1897 मध्ये त्याचे आकाराप्रमाणे 1 ते 12 असे नंबर ठरले, आणि फिरतं कडं 1955 मध्ये आलं. आल्प्सच्या शेतकऱ्यासाठी बनलेला चाकू रत्नागिरीच्या जुलैत आला की लाकूड फुगतं आणि पातं मुठीतून बाहेर यायला तयार होत नाही. यावर मिळणारे सल्ले ठरलेले: खोबरेल तेल लावा, गंज काढायचा स्प्रे मारा, किंवा सरळ स्टेनलेस पात्याचा घ्या. तिन्हींचा काही उपयोग नाही. स्टेनलेस पात्याला गंज कमी चढतो हे खरं, पण फुगतं ते लाकूड, आणि मूठ दोन्ही चाकूंची एकच असते.

आधी कारण समजून घ्या, म्हणजे पुढची प्रत्येक पायरी तशीच का करायची ते पटेल.

लाकूड दमट हवेत लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. बीच त्यात बरंच पुढे आहे. ओलं लाकूड पूर्ण वाळताना किती आकसतं हे पाहिलं, तर बीच सागाच्या साधारण दुप्पट आकसतं. कोरड्या दिवसांत मुठीतल्या लाकडात 12 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. कोकणात ऐन पावसात हवेतली आर्द्रता 85-90 टक्क्यांवर राहिली की ते 18-20 पर्यंत चढतं. तेवढ्यानं मुठीतल्या खाचेच्या, म्हणजे पातं मिटून जिथे बसतं तिच्या, दोन्ही बाजूंचं लाकूड दीड-दोन टक्के जाड होतं. मापात बोलायचं तर वहीच्या कागदाएवढं. पण मुठीच्या तोंडाला बाहेरून धातूची पट्टी आवळलेली असते. लाकडाला बाहेर सरकायला जागाच नाही, म्हणून सगळी वाढ आत, पात्याच्या बुडावर येते. जुन्या घराचं दार जुलैत चौकटीत अडकतं तसंच हे, फक्त इथे चौकट पोलादाची आहे.

यातून माझा एकच आग्रह निघतो. तेल द्यायचं ते कोरड्या दिवसांत, आणि लाकूड घासायचं ते भर पावसात. बहुतेक जण नवा चाकू आला की एकाच रविवारी दोन्ही उरकतात आणि मग पुढच्या पावसात पुन्हा तेच रडगाणं.

घेताना

पातं मिटल्यावर खाचेच्या मधोमध बसतं ना, एवढं बघा. दोनपासून पाच नंबरपर्यंतच्या चाकूंना कडं नसतं, ते घेऊ नका.

तेल: एप्रिल-मे

जवसाचं कच्चं तेल घ्या. क्रिकेटच्या बॅटला लावतात तेच, खेळाच्या दुकानात छोट्या बाटलीत मिळतं. घाण्याचं खायचं जवस तेलही चालतं. हे तेल हवेत हळूहळू घट्ट होऊन लाकडातच बसतं. खोबरेल तसं कधीच वाळत नाही, लाकडात ओलंच राहतं, धूळ धरतं आणि पुढे खवट वास मारतं. हार्डवेअरच्या दुकानातलं ‘बॉइल्ड’ लिनसीड नको. लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंची संयुगं घातलेली असतात, आणि याच चाकूनं आपण फळ कापून खातो.

मुठीवरचं वार्निश काढायच्या भानगडीत पडू नका, ते बाहेरून दमट हवा अडवण्याचं काम करतंच आहे. खरी गरज खाचेच्या आत आहे, तिथे वार्निश नीट पोचलेलं नसतं. कान कोरायच्या कापसाच्या काडीनं खाचेत तेल फिरवा, मुठीच्या तोंडाशी जास्त. वीसेक मिनिटांनी जेवढं पुसून निघेल तेवढं सगळं पुसा. चार-पाच दिवस पातं अर्धं उघडं ठेवून वाळू द्या, मग पुन्हा. असे तीन पातळ हात पुरे. रात्रभर तेलात बुडवून ठेवण्याचा सल्ला मी कुणालाही देणार नाही. एक तर तेलानंही लाकूड फुगतं, आणि जाड थर सांध्यात चिकट होऊन बसला की पातं पावसाशिवायच आखडतं.

जवसाच्या तेलाची चिंधी चुरगाळून कचऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळ्यात ती साठून चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मग टाका.

तेलानं फुगणं थांबत नाही, त्याचा वेग कमी होतो. म्हणून पुढची पायरी टळत नाही.

घासणं: जुलै

हा टप्पा हातात बसायला मला बरेच पावसाळे लागले, त्यामुळे सावकाश सांगतो.

पाऊस चांगला मुरेपर्यंत थांबा. पहिल्या सरींनंतर लगेच नाही, निदान तीन-चार आठवड्यांनी. लाकूड जास्तीत जास्त फुगलेलं असतानाच खरी अडचण कुठे आहे ते दिसतं. मे महिन्यात चाकू बादलीत बुडवून ‘पावसाळा’ तयार करणारेही आहेत. तसं करू नका. पाणी मुठीच्या टोकांतून भराभर शिरतं, मधलं लाकूड कोरडं राहतं आणि मूठ तडकू शकते.

पातं अजिबात निघत नसेल तर साव्वाच्या लोकांची जुनी युक्ती वापरा. कडं मोकळं करा, मूठ पक्की धरा आणि मुठीचा मागचा कोपरा लाकडी टेबलावर नेमका ठोका. पात्याची पाठ थोडी वर उडते, मग बोटांनी धरून उघडता येतं. ठोकताना एकही बोट खाचेवर नको. पकडीनं पातं ओढणं मात्र कायमचं विसरा. पातळ पात्याला ओरखडे पडतात, आणि पकड सटकली तर हात धारेवर जातो.

आता लाकूड नेमकं कुठे धरतंय ते शोधायचं. डोळ्यांनी अंदाज करू नका, तो चुकतोच. मऊ शिसपेन्सिल घ्या आणि पात्याच्या बुडाच्या दोन्ही बाजू, म्हणजे मुठीत फिरणारा गोलसर भाग, काळ्या करा. पातं आठ-दहा वेळा उघडा-मिटा. मग टॉर्च खाचेत मारा. जिथे लाकडावर शिसं उतरलंय, तेवढाच भाग घासायचा आहे. बहुतेक वेळा काळा डाग एकाच बाजूला असतो, तोंडापासून सेंटिमीटरभर आत. दोन्ही बाजू सारख्या घासून काढणारे इथेच फसतात. ज्या बाजूला डाग नाही तिला हातही लावू नका, कारण पातं मध्यावर धरून ठेवणारी बाजू तीच आहे.

220 नंबरच्या पॉलिश पेपरची बोटभर रुंद पट्टी कापा. पातं अर्ध्यावर, काटकोनात उघडं ठेवा आणि धारेवर जाड चिकटपट्टी लावा. हे काम करताना हात सारखा धारेजवळ असतो, म्हणून ही पट्टी वगळू नका. कागद खाचेत सरकवा, खरखरीत बाजू लाकडाकडे, गुळगुळीत बाजू पात्याकडे. पट्टी शिरतच नसेल तर चाकू रात्रभर घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. थोडी जागा होते. उन्हात किंवा ओव्हनमध्ये वाळवू नका, लाकूड वाकतं.

पाच-सहा वेळा पट्टी मागेपुढे ओढा आणि थांबा. भुसा फुंकून काढा, पुन्हा पेन्सिल, पुन्हा उघडमीट, पुन्हा टॉर्च. हे कंटाळवाणं आहे आणि सगळं यश याच कंटाळ्यात आहे. आपल्याला वहीच्या कागदाएवढं लाकूड काढायचंय. जोर लावून पन्नास हात मारलेत तर ते दुप्पट निघतं, आणि काढलेलं लाकूड परत येत नाही. मग नोव्हेंबरात पातं डावी-उजवीकडे हलायला लागतं आणि कड्यानंही ते थांबत नाही.

थांबायचं कुठे? भर पावसात पातं दोन बोटांनी, नख न दुखता उघडावं, आणि मधेच सोडलं तर आपल्या वजनानं पडू नये. थोडा विरोध जाणवलाच पाहिजे. कोरड्या ऋतूत तोच विरोध आणखी कमी होणार आहे, हे हिशेबात धरा. पुण्या-मुंबईत आणि कोकणात हे माप मला बरोबर वाटतं. नागपूर-अकोल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात सांधा जरा सैलच लागेल. तो ठोकून घट्ट करायला जाऊ नका. सांध्याची खीळ ठोकली की पावसात तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर.

शेवटी 320 नंबरच्या कागदाचे दोन हलके हात द्या आणि उघड्या पडलेल्या लाकडाला जवसाच्या तेलाचा एक अगदी पातळ हात. पावसात तो वाळायला जास्त दिवस घेतो. घाई करू नका, तोवर चाकू अर्धा उघडा राहू दे. तेल पूर्ण वाळल्यावरच सांध्यात औषधाच्या दुकानातल्या लिक्विड पॅराफिनचा एक थेंब सोडा. हा क्रम उलटा झाला तर पॅराफिन लाकडात शिरतं आणि जवसाचं तेल तिथे धरत नाही.

धार आणि निगा

धार हजार नंबरच्या दगडावर, पाण्यासोबत, दोन्ही बाजूंनी साधारण 20 अंशांत. सायकलवरच्या धारवाल्याला विळी आणि कोयता जरूर द्या, हा चाकू देऊ नका. कोरड्या फिरत्या चाकावर एवढं पातळ पातं क्षणात तापतं, आणि काठ निळा पडला की त्या भागातलं पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला असं समजा.

पातं स्टेनलेस नसून कार्बन पोलादाचं असेल तर कैरी आणि लिंबू कापल्यावर लगेच पुसा. करडे-काळे डाग पडतात ते गंज नव्हेत, राहू द्या. तांबूस दिसलं तर तो गंज, त्याच दिवशी घासून काढा. कोकणात राहणाऱ्यानं स्टेनलेस पातं घेतलं तर चांगलंच, पण घासण्याची पायरी त्यालाही करावी लागेल. चाकू नळाखाली धरून धुऊ नका, ओल्या फडक्यानं पुसा. घासणं उरकलं की सप्टेंबरपर्यंत तो सिलिका जेलच्या डब्यातच ठेवा, ट्रेकच्या बॅगेच्या तळाशी ओल्या मोज्यांसोबत नव्हे.

विमानानं जाताना तो केबिनच्या बॅगेत चालत नाही, चेक-इनच्या सामानात टाका. मेट्रोच्या तपासणीतही अडवतील, त्या दिवशी घरी ठेवलेला बरा.