पश्चिमेच्या हॉलसाठी खिडकी घेताना

आमचा कोथरूडचा हॉल पश्चिमेचा. एप्रिल-मेमध्ये चार वाजले की ऊन थेट सोफ्यावर. दक्षिणेचं ऊन छज्जा अडवतो. संध्याकाळचं तिरपं येतं, तिथे छज्ज्याचं काही चालत नाही. म्हणून आधी काच ठरवा, फ्रेमचं नंतर. दुकानात ‘एसएचजीसी’ विचारा, म्हणजे उन्हातली किती उष्णता आत येते तो आकडा. साध्या काचेचा ०.८ च्या आसपास असतो. चांगल्या लो-ई काचेचा, म्हणजे उष्णता परतवणारा पातळ थर असलेल्या काचेचा, ०.३ च्या आसपासही मिळतो. नुसती गडद काच मला पटत नाही. ती स्वतःच तापते, वर भरदुपारी दिवे लावा! साधी डबल काच हॉर्नचा आवाज कमी करते, ऊन फारसं नाही.

दोन झडपांची स्लायडिंग निम्मीच उघडते. वारा हवा तर केसमेंट, म्हणजे दारासारखी बाहेर उघडणारी, घ्या, जाळी आतून.

पाऊसही याच बाजूने झोडपतो. शोरूममधल्या नमुन्याच्या खालच्या ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून बघा. भोकांतून लगेच बाहेर गेलं पाहिजे. विक्रेता तोंड वाकडं करेल, करू दे. खिडकीखालच्या ग्रॅनाइटच्या पट्टीला उतार बाहेरच्या बाजूला हवा. आणि ॲडव्हान्स देण्याआधी सोसायटीची परवानगी लेखी घ्या, फ्रेमच्या रंगासकट.