बॅगेआधी कपाट उघडा

ऑफिसची बॅग घ्यायला बर्डीच्या बाजारात निघण्याआधी आठवडाभर खरंच घालता ते कपडे पलंगावर काढून ठेवा. माझ्याकडे सुती कुर्ते आणि हातमागाच्या साड्या निघतात. रंग निळे, नाहीतर मातकट. त्यांच्यासोबत चकचकीत काळी बॅग परकी वाटते. तपकिरी चामडं किंवा जाड कॅनव्हास मात्र लगेच जुळतं. तुमचे शर्ट कडक इस्त्रीचे असतील, तर स्वतःच्या बळावर उभी राहणारी चौकोनी बॅग घ्या. आणि लाल रंग मनापासून आवडत असेल तर लालच घ्या. रोज हातात धरायची वस्तू आहे.

लॅपटॉप आणि डबा दुकानात घेऊनच जा. १५.६ इंच ही फक्त स्क्रीनची तिरकी लांबी असते, लॅपटॉपची नव्हे. ए४ कागद २९.७ सेंटिमीटर लांब असतो. फाइल दुमडावी लागली तर बॅग कितीही देखणी असो, परत ठेवा.

आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. स्कूटीवर उन्हात तापून स्वस्त रेक्झिनचे पोपडे निघतात, म्हणून मी ते सुचवतच नाही. स्कूटीसाठी आडवा पट्टा हवा. मेट्रोने जाणाऱ्यांना हातातली बॅगही चालते.

पट्ट्याचा जोड आतून तपासा. तिथे चौकोनात फुलीची शिवण हवी. शेवटी बॅग पूर्ण भरा, खांद्याला लावा आणि दुकानात दोन-चार चकरा मारून मगच पैसे द्या.