पोरगा पिचिंग (म्हणजे बेसबॉलची बॉलिंग) करून आला आणि हात दुखतोय म्हणतो, मग काय करायचं?

आयोडेक्सची बाटली जरा बाजूला ठेवा. आधी त्याला म्हणा, नेमकं कुठे दुखतंय ते एका बोटाने दाखव. त्याने अख्खा तळवा दंडावर किंवा खांद्याच्या मागच्या बाजूला फिरवला आणि "इथे सगळीकडे" म्हणाला तर बहुतेक वेळा नुसते स्नायू आंबलेले असतात. पण बोट बरोब्बर कोपराच्या आतल्या बाजूला, म्हणजे जिथे आपटलं की झिणझिण्या येतात त्याच्या शेजारच्या हाडावर टेकलं, किंवा खांद्याच्या अगदी वरच्या हाडावर, तर तो मामला वेगळा, तिथे घरगुती इलाज करत बसायचं नाही.

दुसरा प्रश्न, कधी दुखतं. मॅचनंतर किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी हात जड वाटतो, एक-दोन दिवस वाढतं आणि मग आपोआप ओसरतं, हे आंबणं. बॉल टाकताना कळ येते, ठणका लागतो, किंवा बॉल अचानक हळू जायला लागतो, कुठेही जायला लागतो, तर तिथल्या तिथे थांबवायचं, इनिंग अर्धी राहिली तरी राहू दे. काही कोच सांगतात लॅक्टिक अ‍ॅसिड साठलंय, पळायला लावा. ते अ‍ॅसिड साधारण तासाभरात असंही निघून जातं हो! दुसऱ्या दिवशी दुखतं कारण बॉल सुटल्यावर जोरात पुढे जाणाऱ्या हाताला ब्रेक लावायचं काम खांद्यामागचे स्नायू करतात आणि त्यात ते दमतात.

आता आपल्या बाबा मंडळींसाठी, कारण इथे अमेरिकेत राहून लिटल लीग, म्हणजे लहान मुलांचं बेसबॉल, बघताना आपल्या डोक्यात क्रिकेटच असतं. "आम्ही मे महिन्यात दिवसभर बॉलिंग टाकायचो, काय झालं?" अहो, बॉलिंगमध्ये कोपर जवळजवळ सरळ राहतं आणि पळत येऊन टाकतो, त्यामुळे फास्ट बॉलरची जास्त करून कंबर जाते. पिचर जवळपास उभ्या जागेवरून, कोपरात हात वाकवून, मागे ताणून चाबकासारखा फेकतो, तो सगळा ताण कोपराच्या आतल्या लिगामेंटवर, म्हणजे हाडांना हाडं बांधणाऱ्या पट्ट्यावर, येतो. मोठ्यांमध्ये ते लिगामेंट फाटतं. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्स टीमचा पिचर टॉमी जॉन याच्या डाव्या कोपरात उजव्या हातातला टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) बसवला, जॉन १९७६ मध्ये परत आला आणि १९८९ पर्यंत खेळला, म्हणून काही पालकांना वाटतं सर्जरी झाली की हात आणखी जोरात चालतो. तसं काही नाही, ती दुरुस्ती आहे आणि परत यायला वर्ष-दीड वर्ष जातं. लहान मुलांमध्ये तर लिगामेंटच्या आधी हाडाची वाढणारी कूर्चा, म्हणजे जिथून हाड वाढतं तो मऊ भाग, दगा देते, ती साधारण १५ ते १७ वर्षांपर्यंत कच्चीच असते. लिटल लीग एल्बो म्हणतात तो हाच प्रकार.

बरं, नुसतं आंबलंय असं ठरलं तर रात्री काय? बर्फ हवा तर कपड्यात गुंडाळून १५-२० मिनिटं, बरं वाटतं एवढंच, त्याने काही लवकर भरून येत नाही. आजी आलेली असेल आणि तेल चोळायचंच म्हणत असेल तर दंडावर हलक्या हाताने चोळू दे, कोपराचं हाड मात्र दाबू नका. मॅचच्या आधी अ‍ॅडव्हिलसारखी दुखणं दाबणारी गोळी देऊन खेळवणं, हे माझ्या मते सगळ्यात वाईट, कारण दुखणं तसंच राहतं, फक्त कळत नाही. दुसऱ्या दिवशी चालणं, सायकल चालू दे, हात नेहमीसारखा हलू दे, पण फेकणं बंद.

परत कधी फेकायचं याला फिजिओ लोक वापरतात तो नियम सोपा आहे. फेकल्यावर तासाभराहून जास्त दुखलं किंवा दुसऱ्या दिवशी दुखलं तर एक दिवस सुट्टी आणि मग मागच्या वेळचंच परत, वाढवायचं नाही. वॉर्मअपला दुखतंय पण पहिल्या १५ थ्रोमध्ये गेलं, तरीही मागचंच परत. १५ थ्रो झाले आणि अजून दुखतंय, तर बॅग भरा, दोन दिवस सुट्टी आणि परत येताना एक पायरी खाली, म्हणजे मागच्या वेळेपेक्षा कमी.

आकडे पाठ करा. एमएलबी (इथली मोठी व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल यांच्या पिच स्मार्ट या नियमावलीप्रमाणे दिवसाला जास्तीत जास्त पिच, म्हणजे टाकलेले बॉल, ९-१० वर्षांना ७५, ११-१२ ला ८५, १३-१४ ला ९५. आणि १४ पर्यंतच्या मुलांना २१ ते ३५ पिच झाले की एक दिवस आराम, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, ६६ किंवा त्याहून जास्तला चार दिवस. गोची अशी की हे फक्त मॅचचे पिच. वॉर्मअप, पिचिंगचा क्लास, शनिवारी लीग आणि रविवारी ट्रॅव्हल टीम (बाहेरगावी खेळायला जाणारी दुसरी टीम), हे सगळं कुणीच एकत्र मोजत नाही, एका कोचला दुसऱ्याचा पत्ता नसतो. तेव्हा फोनमध्ये नोट उघडा आणि स्वतः लिहा. पिच करून झालं की लगेच कॅचर (आपला विकेटकीपर समजा) म्हणून बसवतात तेही बघा, कॅचर प्रत्येक बॉल परत फेकतो, लिटल लीगमध्ये ४१ पिच झाल्यावर त्या दिवशी कॅचर करताच येत नाही. वर्षातून निदान चार महिने फेकणं बंद ठेवा, त्यातले दोन-तीन सलग, तेव्हा सॉकर, पोहणं, काहीही खेळू दे.

डॉक्टरकडे कधी? कोपर पूर्ण सरळ होत नाही, सूज आहे, बोटांना मुंग्या येतात, टाकताना "टक्" आवाज आला, रात्री दुखण्याने जाग येते, किंवा आठवडाभर आराम करूनही तेच, तर थेट मुलांचा स्पोर्ट्स मेडिसिनवाला गाठा. एक्सरे दोन्ही हातांचा काढून ताडून बघतात, तेव्हा "दुसरा हात कशाला" म्हणून वाद घालू नका. लिटल लीग एल्बो निघालं तर साधारण चार ते सहा आठवडे फेकणं बंद, मग हळूहळू अंतर वाढवत परत.

आणि मुलं सांगत नाहीत हो, प्लेऑफ असेल तर अजिबातच नाही. त्याला कोचसमोर विचारू नका, तो "आय अ‍ॅम फाइन"च म्हणणार, गाडीत बसल्यावर विचारा. आणि दुखतंय म्हणाला तर कोचला मेसेज तुम्ही करा, मॅचच्या आदल्या रात्री, म्हणजे त्यालाही दुसरा पिचर बघायला वेळ मिळतो.